राजाची उडी

जयदेव मढवी बोनकोड्याचा. कंपनीत आम्ही एकाच खात्यात होतो. दोघंही रिटायर झाल्यावर मीच त्याला हट्टानं वाशीच्या बुद्धिबळ स्पर्धेत ओढलं, आणि शेवटच्या फेरीआधीचे सगळे डाव पठ्ठ्या हरला.

त्याची सुरुवात ठरलेली. बाकीचे पहिलं प्यादं दोन घरं टाकतात, हा एकच घर सरकवणार. आमच्याबरोबर स्पर्धेला आलेला नंदकिशोर म्हणायचा, "हे ओपनिंग नाही, झोपेत केलेली चाल आहे." हसायचे लेकाचे. पण ती त्याच्या बापाची सुरुवात होती. गावात देवळाच्या ओट्यावर देशी डाव चाले, त्यात प्यादं एकच घर चालतं. शून्यावर घरी गेलो तर बापाचा खेळ खोटा ठरेल, असं जयदेवच्या मनानं घेतलेलं. त्याच सुरुवातीनं त्याला निदान बरोबरीचा अर्धा गुण हवा होता.

शेवटच्या फेरीत समोर वैदेही नावाची कॉलेजातली मुलगी. डाव बरोबरीत चाललेला, माझाच जीव टांगणीला. आणि जयदेवनं राजा उचलला तो घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला.

देशी डावात शह बसायच्या आधी राजाला अशी एक उडी मिळते. इथं नाही. पंचानं येऊन राजा परत जागेवर ठेवला. पण हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो, आणि राजा बाजूला झाला की मागचा हत्ती फुकट जाणार होता. मी कपाळावर हात मारला.

जयदेवचे कान लाल झाले. वैदेहीनं ते पाहिलं. "काका, ड्रॉ करू या?"

"नको पोरी. चुकी माजी हाय. आता तू जिकतेस. खेल."

हरला. बाहेर मी त्याच्यावर उखडलो. "मिळत होता तो अर्धा गुण घेता येत नव्हता?"

"त्यो तिनं दिलेला," तो म्हणाला. "बाबाचे खेलाचा नाय."

मागोमाग वैदेही पट घेऊन आली. "काका, तुमच्या नियमांनी एक डाव?"

बाकावरच बसले दोघं. निम्म्या डावात जयदेवचा राजा कोंडीत सापडला, शह मात्र अजून बसला नव्हता. त्यानं तो उचलला आणि हात तसाच हवेत राहिला. मान वळवून तो पंच कुठे दिसतो का ते पाहू लागला.

"उडवा ना, काका," वैदेही म्हणाली. तरी त्याला जरा वेळ लागला.