तुळशीपाशी ठेवलेल्या दुर्वा

देवावरची माझी श्रद्धा कधी डळमळली का, असं कुणी विचारलं तर आजवर मी नाही म्हणत आलो. ते खरं नव्हतं. सुमन गेली त्या उन्हाळ्यात माझी श्रद्धा डळमळली होती आणि ती सावरली ती देव न मानणाऱ्या एका माणसाच्या हातून. त्यानं माझ्यासाठी काय केलं ते मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. त्या माणसाशी मी कसा वागलो होतो, ते मात्र सांगायचं टाळत आलो. आता टाळवत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. निमगाव केतकीत बाजारपेठेच्या तोंडाशी माझं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. घर दुकानाच्या मागंच. सकाळी शटर वर केलं की गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती लावल्याखेरीज मी पहिलं गिऱ्हाईक घेत नसे. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात मी, सुमन आणि दिवसातून एकदा तरी डोकावणारा दत्तू. दत्तू सुमनच्या माहेरचा, सुप्याचा, शेजारच्या घरातला. सख्खा भाऊ नसलेल्या सुमननं त्याला लहानपणापासून राखी बांधली. पुढं तो आमच्याच गावच्या हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर होऊन आला. तिला तो आक्का म्हणायचा, मला दाजी. आणि देव अजिबात मानायचा नाही.

शाळा सुटली की दुकानासमोरच्या बाकड्यावर तो येऊन बसायचा आणि आमचा वाद सुरू व्हायचा. बाजारच्या दिवशी तर खत न्यायला आलेली माणसं पोती गाडीत टाकून परत यायची, वाद ऐकायला.

"दाजी, ह्या उदबत्तीनं बियाणं लवकर उगवतं का?"

"न्हाय उगवत. पण इकणाऱ्याच्या मनात भेसळ करायचं येत न्हाय."

"मग दोन लावा की! शेजारच्या दुकानात पण एक न्हेऊन लावा."

सगळे हसायचे. कुणीतरी म्हणायचं, "नाव दत्तात्रय आन् देव मानत न्हाय, ह्याला काय म्हणावं मास्तर?" त्यावर तो म्हणायचा, "नाव आईनं ठेवलं. तिला मी मानतो." आतून सुमन चहा पाठवायची, तेवढ्यापुरता वाद थांबायचा.

त्या वादात कधी विष नव्हतं. संकष्टीला जमेल तेव्हा आम्ही मोरगावला जायचो. एसटीत सुमनची पिशवी दत्तू धरायचा, देवळापर्यंत यायचा आणि बाहेर दगडी नंदीच्या जवळ आमच्या चपलांपाशी बसून राहायचा. "तुमी आत जावा. चपला सांभाळणं एवढीच माझी सेवा," म्हणायचा. प्रसाद दिला की खायचा. हात जोडायचा नाही. सुमनही त्याला कधी जोड म्हणाली नाही. तसं मी एकदा म्हणालो तर ती म्हणाली, "खोटे हात देवाला कशाला? हाय तसा हाय त्यो." मला तेव्हा ते फारसं कळलं नव्हतं.

मग सुमनला पोटाचा आजार जडला. पोटात पाणी धरायचं. बारामतीच्या दवाखान्यात ते काढायचे, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा पोट फुगायचं. त्या खेपा सगळ्या दत्तूनं माझ्याबरोबर केल्या. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, आता घरी न्या. त्यांनी करायचं ते सगळं केलं होतं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

घरी आणलं त्याच दिवशी मी देव पाण्यात घातले. आमच्याकडची ही जुनी रीत. काही उपाय उरला नाही की देव्हाऱ्यातले देव पाण्यात ठेवायचे आणि मागणं पुरं होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. देवाला घातलेलं साकडंच ते. मी आंघोळीचं तांब्याचं घंगाळ घासून घेतलं, गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा त्यात ठेवले आणि सुमनच्या खाटेला दिसेल असं ते घंगाळ कोनाड्याखाली मांडलं. ही उठून बसेपर्यंत देव पाण्यात.

संध्याकाळी दत्तू आला. घंगाळात वाकून बघितलं आणि नेहमीच्याच सुरात म्हणाला, "दाजी, उन्हाळा म्हणून ठीक हाय. पण देवाला सर्दी झाली तर त्येलाच ॲडमिट करावं लागंल."

सुमन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "दत्त्या, गप रं," एवढंच म्हणाली आणि हसतच राहिली. तिला हसवण्यासाठीच तो बोलला होता, हे आज मला स्वच्छ दिसतं. त्या क्षणी मात्र मला तिचं हसू ऐकूच आलं नाही. मला एवढंच वाटलं की साकडं बाटलं. तो निघाला तसा मी त्याच्या मागं अंगणात गेलो आणि तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालो, "तुझ्यासारख्याची सावली नगं माझ्या घरावर. ही उठून बसत न्हाय तवर उंबरा चढायचा न्हाय. तिला काय झालं तर तुझ्या ह्या जिभंमुळं झालं म्हणीन मी."

उलट बोलण्यात त्याचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.  तरी तो चपला पायात सरकवत एवढंच म्हणाला, "बरं दाजी." आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सुमननं विचारलं, "दत्तू आला न्हाय?"

"पुण्याला गेलाय. सुट्टीत ट्रेनिंग लावलंय मास्तरांना."

 रोज दार वाजलं की ती मान वळवायची. मधेच विचारायची, "संपलं का रं त्याचं ट्रेनिंग?" लाडात आली की ती मलाही अरे-तुरे करायची. मी म्हणायचो, अजून नाही.

दोन-तीन दिवसांनी पहाटे दार उघडलं तर तुळशीकट्ट्यावर दुर्वांची जुडी. हिरवीगार, दव असलेली. त्या दिवसांत गावाभोवती सगळं करपलेलं होतं. दुर्वा हव्यात तर लांब कालव्याच्या कडेला जावं लागे आणि सुमनला सोडून मला ते होत नव्हतं. शेजारीपाजारी विचारलं, कुणीच ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. मी ती जुडी घंगाळातल्या पाण्यावर सोडायचो आणि हात जोडायचो. देवानं माझं ऐकलं, ही त्याची खूण, अशी माझी पक्की खात्री झाली.

पहिली जुडी मी सुमनच्या हातात दिली होती. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली. दोऱ्याऐवजी दुर्वेच्याच एका लांब काडीनं बांधलेली होती. त्या गाठीवरून बोट फिरवत ती म्हणाली, "गणपतीनं पाठवली व्हय?"

"मग आनखी कुणी?"

"असंल," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर समाधान होतं. त्या दिवसापासून तिनं दत्तूबद्दल विचारणं बंद केलं. आजारपणात विसरली असेल, असं मी धरून चाललो. माझी सुटका झाली होती, तेव्हा मी फार खोलात गेलो नाही.

उलट दुकानात बसून मी त्या दुर्वांची गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागलो. एकाला तर म्हणालो, "जाऊन सांगा त्या मास्तरला. म्हणावं, आता काय म्हणतोस?" निरोप पोचला असणार. त्याच्याकडून काही उत्तर आलं नाही. त्याची वाचा बसली, असं म्हणून मी मनात सुखावलोसुद्धा.

सुमन भर दुपारी गेली. पाणी मागितलं, मी चमच्यानं पाजलं, आणि ती गेली. दत्तू आला तो अंगणातच उभा राहिला. माणसं आत-बाहेर करत होती, तिला बाहेर आणेपर्यंत तो उंबऱ्याच्या आत आला नाही. का, ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी त्याला ये म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुःखानं नाही फुटला, असं इतरांना वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून दुर्वाही यायच्या थांबल्या. देवानं माझ्याकडं पाठ फिरवली, असंच मी समजलो.

देव मात्र पाण्यातच होते. सुतकात आम्हाला देवाला शिवता येईना. पाण्यावरच्या दुर्वा कुजल्या, वास यायला लागला. भावकी सगळी सुतकात, म्हणून माझ्या थोरल्या वहिनी अंगणात बसलेल्या बायामाणसांना म्हणाल्या, "भाईरचं कुणीतरी हात लावा गं. द्येव तसंच पडल्यात." कुणी पुढं होईना. साकडं पुरं न झालेले देव. बाहेर काढणाऱ्याच्या माथी काही येईल, ही भीती. माझ्याही मनात तीच होती, आणि वर एक घाणेरडा राग होता. पडू देत तिथंच, असं वाटत होतं.

दत्तू अंगणाच्या कडेला बसला होता. तो उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "दाजी, उंबरा चढू का?"

मला मान वर करता आली नाही. नुसती हलवली.

त्यानं हौदावर हातपाय धुतले. आत जाऊन घंगाळात हात घातला आणि एकेक देव बाहेर काढून मांडीवरच्या स्वच्छ पंच्यात ठेवला. पितळ काळं पडलं होतं. चिंच मागून घेतली, घासले, पुसले. बाळकृष्णाच्या रांगत्या पायांच्या बेचक्यात अडकलेली दुर्वेची काडी त्यानं नखानं हळूच काढली. मग विचारलं, "आक्का कसं मांडायची?" वहिनींनी लांबूनच सांगितलं, गणपती मधी, बाळकृष्ण उजव्या अंगाला. त्यानं तसं मांडलं. फूल वाहिलं. हात जोडले नाहीत.

दारातून कुणीतरी बोललंच, "काय मास्तर, झाला का भगत?"

"न्हाय," तो म्हणाला. "आक्काचं घर आवरतुया."

सुतक फिटेपर्यंत तो रोज आला, देवाला फूल वाहून गेला. मी भिंतीला टेकून बघत असायचो. जन्मभर मी पूजा केली, पण मागण्यावाचून एकही केली असेल की नाही, शंकाच आहे. हा माणूस काहीही न मागता, मागायला कुणी आहे असं न मानता, देवाला कोरडं करत होता. माझा राग कधी ओसरला ते मला कळलं नाही.

काही महिन्यांनी दत्तू आणि मी मोरगावला गेलो. दर्शन घेऊन बाहेर आलो तर तो नंदीजवळ नेहमीच्या जागी बसलेला. समोर माझ्या चपला, आणि शेजारी थोडी जागा मोकळी सोडलेली, जिथं तो सुमनच्या ठेवायचा. मी तिथंच खाली बसलो आणि सांगून टाकलं. ती तुझी वाट बघत होती. रोज विचारायची. मी खोटं बोललो, ट्रेनिंगला गेलास म्हणून सांगितलं. तुला न भेटता ती माझ्यामुळं गेली.

त्यानं माझ्या चपला माझ्याकडं सरकवल्या. मग म्हणाला, "दाजी, आक्काला ठावं हुतं मी गावातच हाय."

"कसं?"

"दुर्वा कुणाच्या हुत्या? सुप्याला आमी पोरं जुडी काडीनंच बांधायचो. दोरा कोण देतंय? ती गाठ आक्कानंच शिकवलीवती मला."

 म्हणजे तिला पहिल्या दिवशीच सगळं कळलं होतं. माझं खोटंही. आणि मी उघडा पडू नये म्हणून, इतकी आस असतानाही, तिनं त्याचं नाव घ्यायचं सोडलं होतं.

"मग मी गावभर सांगत हुतो, तुला निरोपसुदिक धाडला, तवा बोलला का न्हाईस?"

"तेवढ्यावरच उभं हुता तुमी. ते काढून घिऊन मला काय मिळणार हुतं?"

"दत्तू, तुला दुर्वा आणायची बुद्धी कुणी दिली मग?"

त्यानं डोळे पुसले. "झालं का सुरू?" म्हणाला. "आक्का आजारी हुती आन् मला घरात यायची बंदी. दुर्वा तिला आवडायच्या. एवढंच हाय ते दाजी. तुमाला ह्यात द्येव दिसत असंल तर दिसू द्या. मला आक्का दिसती."

मी त्याचे हात धरले. त्यानं सोडवून घेतले नाहीत.

मी देवाकडं सुमनचं आयुष्य मागितलं होतं. ते मिळालं नाही, आणि त्याचं दुःख आजही तितकंच आहे. पण जे मागितलंच नव्हतं ते माझ्या दारात रोज पहाटे येत होतं, मीच घालवून दिलेल्या माणसाच्या हातून. त्यानंतर मी देव कधी पाण्यात घातले नाहीत. देवाला अडवून धरणारा मी कोण? जे येईल ते त्याचं, आणि ज्याच्या हातून येईल तो हात मला वंद्य, मग तो जोडलेला असो वा नसो.

बाकड्यावरचा वाद अजून चालतो. दत्तू अजून हरत नाही, मीही नाही. मात्र संकष्टीच्या पहाटे तुळशीकट्ट्यावर काडीनं बांधलेली जुडी असते. ती उचलण्याआधी मी हात जोडतो. कुणाला, ते त्यानं कधी विचारलेलं नाही.