दोन जास्तीची उत्तरं

अकरावीत सरांनी माझ्या एका गणिताला शून्य दिलं. ते मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

कर्वेनगरमधला नावाजलेला क्लास होता. अकरावीची त्रिकोणमिती कच्ची राहिली तर बारावीच्या कॅल्क्युलसमध्ये नाकातोंडात पाणी जाईल, असं सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते खरंही होतं, म्हणून मी जीव तोडून अभ्यास करत होते. सरांच्या नोट्स म्हणजे तिथे ब्रह्मवाक्य. वर्षानुवर्षं त्याच झेरॉक्स वाटल्या जायच्या आणि पेपरही त्यांच्याशीच ताडून तपासले जायचे.

चाचणीत एक समीकरण आलं: साइन टू एक्स बरोबर साइन एक्स. शून्य धरून, ३६० अंशांच्या आतली उत्तरं काढायची होती. ते उलगडलं की दोन्ही बाजूंना साइन एक्स येतं. नोट्समध्ये ते सरळ कॅन्सल केलेलं होतं आणि उत्तरं निघत होती दोन. पण साइन एक्स शून्यही असू शकतं, आणि शून्याने भागता येत नाही. मी बाजूला पेन्सिलीने आलेख काढला. दोन्ही वक्ररेषा चार ठिकाणी छेदत होत्या, म्हणून मी चार उत्तरं लिहिली.

सरांनी माझा पेपर वर धरला. "मॅडमना दोन उत्तरं जास्तीची सापडलीत. घरी न्यायला पिशवी आणलीय ना?" वर्ग खदखदून हसला. मी आलेखाबद्दल बोलू लागले तर म्हणाले, "बसा. उद्या वडिलांना घेऊन या."

बाबा कारखान्यात अर्धी रजा टाकून, कामाच्याच शर्टावर वारज्याहून आले. सरांनी त्यांना बसाही म्हटलं नाही. "हिला गणित झेपणार नाही. कॉमर्सला टाका." बाबांना त्या कागदावरचं काही कळत नव्हतं. त्यांनी हात जोडले. "चुकलं सर, पोरीचं. सांभाळून घ्या." माझं चुकलेलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि दात आवळून उभी राहिले.

बसस्टॉपवर बाबांनी एवढंच विचारलं, "तू बरोबर होतीस का?" मी हो म्हटलं. "मग गणित सोडू नको."

मी क्लास सोडला. कॅल्क्युलस मी आवडीने नाही, खुन्नसने शिकले. प्रत्येक गणित सुटलं की सरांचं तोंड डोळ्यांपुढे आणायचे. तो पेपर मात्र जपून ठेवला.

आता त्याच भागात माझा क्लास आहे. गेल्या जूनमध्ये सर मुलीला घेऊन आले. केस पिकलेले, स्वतःचा क्लास बंद केलेला. "घरच्या मुलीला शिकवणं जमत नाही हो," म्हणाले. मला त्यांनी ओळखलं नाही. मी त्यांना खुर्ची दिली आणि मुलीला तेच समीकरण घातलं.

तिने साइन एक्स कॅन्सल केलं. दोन उत्तरं.

"सर, आपणच तपासा," मी म्हटलं.

"बरोबर आहे," त्यांनी लगेच सांगितलं.

मग मी ड्रॉवरमधून माझा पेपर काढून त्यांच्यापुढे ठेवला. चार उत्तरं, आलेख, त्यावर त्यांच्याच अक्षरातलं लाल शून्य. ते बराच वेळ बघत राहिले. मीही घाई केली नाही. त्यांना 'बरोबर' म्हणायला एक क्षण पुरला होता. हे बघायला लागेल तेवढा वेळ लागू दे.

"चुकलं," ते शेवटी म्हणाले. "माझं चुकलं."

बाबांचा तो 'चुकलं' शब्द मी व्याजासकट वसूल केला होता. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मुलीकडे बघितलं. वडिलांना माझ्यासमोर असं बोलताना ऐकून तिने मान खाली घातली होती आणि दात आवळले होते.

मी तिला प्रवेश दिला. ती पहिल्या बाकावर बसते, एकही तास चुकवत नाही, आणि माझ्याशी एक शब्द जास्तीचा बोलत नाही. परवा चाचणीत तिला पैकीच्या पैकी मिळाले. पेपर घेताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर माझीच होती.