यादी मागायची राहिली

दिगंबर मुळात घाबरट नाही, पण त्या आठवड्यात त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अमेरिकेत, सनीव्हेलच्या ऑफिसात माझ्या शेजारीच बसायचा. नागपूरचा, बोलायला गोड, कामाला वाघ. दवाखान्यांच्या ऑर्डरी गोदामाच्या सिस्टिमला पोचवणारा कोड त्यानंच लिहिलेला. आणि आता दवाखाने बोंबलत होते, डझनभर वस्तू मागवल्या तरी एकच येते!

त्याची बायको गिरिजा सात महिन्यांची गरोदर, त्यात शुगर चढलेली. डॉक्टर सारखे बोलवायचे. तिचा विमा नवऱ्याच्या नोकरीवर, दोघांचा व्हिसाही नोकरीवर. साल २००८, जो तो माणसं काढत सुटलेला. नोकरी गेली की डॉक्टरही गेले आणि देशही.

"शैलजाताई, मी वेडा होईन हो," तो लंचला म्हणाला. डबा उघडलासुद्धा नव्हता. "एरर कुठेच नाही. टेस्ट पास होते."

"कशावर टेस्ट करतोस?" मी खेकसले.

"क्लायंटच्या सॅम्पलवर."

आमच्याकडे रीतच होती ती. क्लायंटची सॅम्पल ऑर्डर चालली की काम पास. उघडून बघतो तर काय, सॅम्पलमध्ये वस्तू एकच! एवढे आम्ही शहाणे, एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग खरी ऑर्डर टाकली आणि चूक दिसली. ऑर्डर ज्या एक्सएमएल फाइलीत येते तिच्यातून हवं ते शोधताना उत्तर कुठल्या प्रकारचं हवं तेही सांगावं लागतं: मजकूर, आकडा, हो-नाही, की सापडलेल्या सगळ्यांची यादी. दिगंबरनं यादीऐवजी मजकूर मागितला होता. तसं मागितलं की कॉम्प्युटर पहिल्या वस्तूचं नाव देतो आणि थांबतो. ना एरर, ना वॉर्निंग.

"गुपचूप बदल आणि मोकळा हो," मी म्हटलं. "मॅनेजर तसाही दवाखान्यांनाच दोष देतोय."

"आणि राहिलेल्या वस्तू? त्या पाठवायच्या तर सांगावंच लागेल ना?"

"गिरिजाचा विचार कर रे, मूर्खा!"

"तिचाच करतोय. तीही कुठल्यातरी दवाखान्यातच जाते ना."

गेला आत, सगळं सांगून टाकलं. मॅनेजर संजीवनं पाठ थोपटली, "थँक्स यार" म्हणाला. दुपारी राहिलेल्या वस्तू रवाना झाल्या. आणि संध्याकाळी त्याच संजीवनं दिगंबरला नोकरीवरून काढलं, ऑफिसचा बॅजही काढून घेतला. क्लायंटला दोष द्यायला एक नाव हवं होतं म्हणे. मेल्याला लाज कशी वाटली नाही!

त्याच संध्याकाळी फ्रीमाँटला माझ्या घरी गिरिजाचं डोहाळजेवण. गाडीत दिगंबर ढसाढसा रडला. मग तोंड पुसून म्हणाला, "आज तिला सांगू नका. एवढा एक दिवस जाऊ द्या."

घरात सगळ्या जमल्या होत्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, गिरिजा कशी उजळली होती. शेजारच्या शोभामावशींनी ओटी भरली आणि विचारलं, "बोल गं पोरी, कसले डोहाळे लागलेत? लाजू नकोस."

"खायला काही नको, मावशी," गिरिजा म्हणाली. "हा रोज दिवसाउजेडी घरी यावा, बस्स."

बायका खो-खो हसल्या. मला हुंदका आवरेना, मी किचनमध्ये पळाले. मागून दिगंबरचा आवाज आला, "सोमवारपासून घरीच आहे."

"खरंच?" गिरिजा म्हणाली, आणि आनंदानं टाळ्या वाजवायला लागली.