आखाडात बांधलेलं जाळं

आम्ही निघालो त्या सकाळी आबा, म्हणजे माझे वडील, नदीवरून सरळ एसटीच्या फाट्यावर आले. ओलं जाळं तसंच खांद्यावर. माझ्या लग्नाला दोनच महिने झाले होते. नवऱ्याला गुजरातच्या बंदरावर मासळीच्या कंपनीत काम लागलं होतं, तिथं बायांनाही घेतात म्हणून मीही निघाले. आबांनी सुक्या मासळीची पुरचुंडी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “तठे समिंदर शे. तरी आपली नदी इसरू नको.” गाडी नवापूरच्या रस्त्याला लागली, तशी शेजारच्या बाईनं नाक मुरडलं. मी पुरचुंडी पायाशी सरकवली. मला लाज वाटली होती, खोटं कशाला सांगू.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे तुम्हाला सांगतेय, कारण नदीत मासा का उरला नाही याची कारणं तुम्ही पारावर बसून रोज नवी काढता. एक कारण मी आहे.

आपल्याकडे तापीवर आखाड लागला की जाळी घराच्या आढ्याला बांधायची, ती पोळा झाल्यावरच सोडायची. त्या दिवसांत मासळी अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढते. आबा म्हणायचे, “मासी माहेरले येल शे, तिले मारतस नही.” जाळ्याचा डोळाही ते चार बोटं आत जातील एवढा मोठा विणायचे, बारीक मासा निसटून जावा म्हणून. त्या दोन महिन्यांत आम्ही वरण-भाकरीवर राहायचो आणि मी कुरकुर करायची. घरात मासेमारीचं सगळं सामान असून मासा नाही, हे मला तेव्हा भारी अन्यायाचं वाटायचं.

बंदरावर आले तेव्हा उलटंच झालं. गमबूट, डोक्याला जाळीची टोपी, बर्फात बुडवलेली कोळंबी आणि आठ तासांची शिफ्ट. बोटं इतकी बधिर व्हायची की जेवताना घास हातात आहे की नाही ते कळायचं नाही. डोळ्यांसमोर दिवसभर मासळीचे ढीग असायचे. नखाएवढी बारीक पिल्लं निराळ्या टोपल्यात जायची, कोंबड्यांच्या खाद्यासाठी. पहिल्या आठवड्यात मला त्याचं वाईट वाटलं. नंतर नाही वाटलं, तेच वाईट झालं.

पावसाळ्यात समुद्रावर सरकारी बंदी असते, बोटी किनाऱ्याला लागतात, कंपनीत काम उरत नाही. त्याच सुट्टीत, पोटात सातवा महिना घेऊन, मी माहेरी आले. धाकट्या भावासाठी, गोकुळसाठी, बंदरावरून तंगूसचं, नायलॉनच्या बारीक दोऱ्याचं जाळं आणलं होतं. हलकं, पाण्यात न दिसणारं. त्याच्या डोळ्यातून करंगळीसुद्धा जात नव्हती. मला वाटलं, बहिणीनं भावाला काहीतरी शहाणपणाचं दिलं.

मला मासे खायचे डोहाळे लागले होते. समुद्राचा मासा नको, आपल्या नदीचा हवा. मी बोलून दाखवलं आणि गोकुळ आखाडात ते जाळं घेऊन नदीवर गेला. मायनं आबांना एवढंच सांगितलं, “पोटुशी शे ती. खावू दे.”

गोकुळनं आणलेल्या प्रत्येक माशाचं पोट तट्ट फुगलेलं होतं. विळीवर मीच चिरले. अंड्यांची गाभोळी परातीत मावेना. सात महिन्यांचं पोट सांभाळत मी त्यांची पोटं फाडत होते, आणि माझा हात एकदाही थांबला नाही. कंपनीनं हाताला सवय लावली होती. ताट समोर आल्यावर आबा म्हणाले, “मन्हं पोट भरेल शे.” सकाळपासून त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मी मात्र बोटं चाटून खाल्लं.

शेजाऱ्यांनी गोकुळची टोपली पाहिली. पुढच्या आखाडात गावात तसली पाच-सात जाळी आली, त्यानंतर घरोघरी. आबांनी दोघा-तिघांना अडवलं, तर त्यांना ऐकायला लागलं, “पहिले तुन्ही पोरले सांग.” त्यानंतर त्यांनी कुणाला अडवलं नाही. काही वर्षं टोपल्या ओसंडल्या. मग नुसती चिलापी, ती बाहेरून आलेली हलकी मासळी, यायला लागली, मग तीही कमी झाली. तुम्ही म्हणता नदीवर बॅरेज बांधलं, त्याचं पाणी साचतं म्हणून झालं. असेल, तेही असेल. पण पाणी साचल्यावरही आमच्या घरात मासा शिजत होता, हे मला पक्कं आठवतं.

माय गेली. गोकुळ आता माझ्याच कंपनीत बर्फ फोडतो. गावात घरी आबा एकटेच आहेत.

परवा व्हिडिओ कॉल केला. त्यांच्या डोक्यामागे आढ्याला जाळं बांधलेलं दिसलं, त्यांनी हातानं विणलेलं, चार बोटांचं. मी विचारलं, “आबा, नदीमा मासा शे का?”

“नही.”

“मंग जायं कसाले बांधं?”

“एखादी माहेरले उनी तं तिले भेव नको वाटाले.”

आखाड लागलाय, बंदर बंद आहे, मला सुट्टी आहे, आणि तरी गेली पाच वर्षं मी घरी गेलेली नाही. आबांनी मला एका शब्दानं कधी टोचलं नाही. टोचलं असतं तर गेले असते. माहेर म्हणजे आता ते आढ्याचं जाळं, आणि फोन ठेवताना आबा दर वेळी विचारतात ते.

“तू कव्हय येशी?”