दुसऱ्या बाईची गाठ

आधीच सांगते... भूतप्रेत, करणी, अंगात येणं, यातलं काहीच आमच्या घरात कधी चाललं नाही. आमचे पप्पा कंधारला विहारात पोरांना विज्ञान शिकवायचे. कुणाला झपाटलंय म्हटलं की ते त्याला आधी डॉक्टरकडे न्यायचे. मीही तशीच आहे. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या, कुंदाताईच्या बाबतीत जे झालं, ते मला कुठेच बसवता येत नाही.

मी नांदेडला काम करते. नव्या औषधांच्या चाचण्या चालतात ना, त्यातल्या पेशंटचे सीटी स्कॅन आमच्याकडे येतात. सॉफ्टवेअरमध्ये लिव्हरचं थ्रीडी मॉडेल बनवायचं, गाठीची कड माउसने आखायची, की गाठ वाढली का आटली ते समजतं. पेशंटचं नाव-गाव काही दिसत नाही, फक्त कोड. गाठ वाढलेली दिसली तर त्या पेशंटचं औषध बंद करतात.

मागच्या उन्हाळ्यात एका बाईचा स्कॅन उघडला, मॉडेल फिरवलं आणि माझा हात थांबला. उजव्या बाजूच्या दोन बरगड्या एकमेकींना चिकटून जुळलेल्या. आणि एक किडनी जागेवर नाही, पार खाली कंबरेत.

आमची ताई लहानपणी कंधारच्या किल्ल्यावर पडली होती, तिच्या बरगड्या अशाच जुळल्यात. किडनी खाली आहे हे तिच्या बाळंतपणात कळलं होतं. यातली एखादी गोष्ट कुणाचीही असू शकते. पण दोन्ही, एकाच अंगात?

आणि लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ.

ताई उदगीरला शाळेत शिकवायची. मी लगेच फोन केला.

"ताई, तू कुठं स्कॅन केलास का? औषधाच्या चाचणीत वगैरे नाव दिलंस?"

"न्हाई गं. कशाचा स्कॅन? मी पेपर तपासून राहिले. का गं, काय झालं?"

मला राहवेना. रविवारी तिला आणि दाजींना लातूरला नेलं आणि सीटी करायला लावला. रिपोर्ट एकदम स्वच्छ! दाजी वैतागले. "स्क्रीन बघून बघून डोस्कं फिरलंय तुमचं." ताई मात्र परतीच्या रस्त्यात मला चिडवत होती, हसत होती.

मी तिची सीडी ऑफिसात नेली आणि तिचं मॉडेल त्या बाईच्या मॉडेलवर ठेवून पाहिलं. लिव्हरमधल्या रक्तवाहिन्यांच्या फांद्या दोन माणसांच्या कधीच सारख्या नसतात. या सारख्या होत्या... शेवटच्या बारीक फांदीपर्यंत. फक्त तिकडे गाठ होती, इकडे नव्हती.

मग त्या बाईचा पुढचा स्कॅन आला. औषध लागू पडलं होतं, गाठ आटली होती. त्याच आठवड्यात ताईचा फोन — "उजवीकडं पोटात लई दुखून राहिलंय गं."

पुन्हा लातूर, पुन्हा सीटी. त्याच जागी गाठ.

पुढे तसंच होत गेलं. त्या बाईची जेवढी आटायची, तेवढी ताईची वाढायची. केमो दिली, उपयोग झाला नाही. आमच्या चाचणीत ताईला घ्या म्हणून मी हातापाया पडले, पण नवीन पेशंट घेणं बंद झालं होतं.

एका दुपारी तिच्या उशाशी बसले होते, आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"ती बाई बरी होऊन राहिली का?"

"हाव."

"तू तिची गाठ वाढली म्हणून दाखवलीस तर?"

"तिचं औषध बंद करतील."

"मग दाखव ना."

शाळेतल्या पोरांना स्वतःचा डबा खाऊ घालणारी माझी ताई ही. मी म्हणाले, "ताई, मरेल ती."

"मग मी काय करून राहिले?"

पुढचा स्कॅन आला तेव्हा मी त्याच्यासमोर कितीतरी वेळ बसून होते. कड जरा बाहेर ओढायची, एवढंच काम. मी ओढली नाही. चांगुलपणा म्हणून नाही हो... ताई नक्की वाचेल असं कुणी सांगितलं असतं तर ओढली असती. तसं सांगणारं कुणी नव्हतं.

ताईने विचारलं, "दाखवलीस?" मी मान हलवली, नाही म्हणून. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तशीच गेली.

तिने दाजींना सांगितलं असणार. तिच्या दिवसकार्याला, पुण्यानुमोदनाला गेले तर ते दारातच उभे राहिले. "इथं कशाला आलात? त्या बाईकडं जावा. तिला तुम्हीच वाचवलंत."

थोड्याच दिवसांनी आमची रिझल्टची मीटिंग झाली. पडद्यावर ग्राफ होता, प्रत्येक पेशंटची एक पट्टी. ज्याची गाठ जास्त आटली, त्याची पट्टी जास्त खाली. सगळ्यात खाली गेलेली पट्टी त्या बाईची होती, आणि शेजारी तिचं लिव्हर गोल फिरत होतं... स्वच्छ. साहेबांनी माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. मी उभी राहून थँक्यू म्हणाले.

नंतर मी एका ओळखीच्या रेडिओलॉजिस्टना दोन मॉडेल दाखवली. एक त्या बाईचं शेवटचं, एक ताईचं शेवटचं. कुणाचं कुठलं ते सांगितलं नाही. त्यांनी बराच वेळ फिरवून, झूम करून बघितलं.

"एकाच बाईची आहेत ही दोन्ही," ते म्हणाले. "यातलं आधीचं कोणतं? वाचली का गेली?"