अप्पांचा दोर

त्या सकाळी आमच्या पेपरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अप्पांचा आकडा आला नाही. आला तो हार घातलेला अप्पांचा फोटो... आणि खोटं कशाला सांगू, तो फोटो वर सरकवून मी आकडाच शोधत राहिलो. झोपेतच गेले म्हणे. तीन आठवडे झाले, मला अजून रडू आलेलं नाही.

शिवराजअप्पा अहमदपूरजवळच्या एका खेड्यात किराणा दुकान चालवायचे आणि लातूरच्या आमच्या पेपरला गावच्या बातम्या पाठवायचे. दुष्काळाच्या वर्षी रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की गावविहिरीत दोर सोडायचे. दोराला हातहातावर गाठी. पाण्याला टेकेपर्यंत जेवढा आत जाईल तेवढे हात. "आज बारा हात," एवढीच त्यांची बातमी.

मी पेपरच्या ऑफिसात बसून त्यांची थट्टा करायचो. "अप्पा, दोर कोण वाचतंय? माणसाचा चेहरा पाठवा." दुसऱ्यांच्या बायाबापड्यांचे फोटो काढायला ते तयार नव्हते. शेवटी एकदा पाठवला तो काकूंचा, म्हणजे त्यांच्याच बायकोचा. टँकरवर चढून पाईप आत सोडताना... पदर सुटलेला, तोंड उघडं. मी तो पहिल्या पानावर लावला. दुपारपर्यंत जिल्हाभर मोबाइलवर फिरला. ऑफिसात माझं कौतुक झालं.

उदगीरला अप्पांच्या मुलाची, बसवराजची, सोयरीक जुळली होती. फोटो तिकडेही पोचला. निरोप आला, "सासूच टँकरवर चढतीय, मग आमच्या पोरीचं काय?" ठरलेलं लग्न मोडलं. मी फोनवर माफी मागितली तर अप्पा म्हणाले, "फोटो खराच हाय की. तुमी काय खोटं छापलं?" दुसऱ्या सकाळी ग्रुपवर पुन्हा आकडा. चेहरा मात्र त्यांनी पुन्हा कधीच पाठवला नाही. बसवराजचं अजून कुठं जमलेलं नाही. अप्पांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा भेटायला गेलो. दुकानात खुंटीवर दोर होता. त्याच्या टोकाला नव्या दोराचा तुकडा जोडलेला. यंदा जुना पुरला नसणार. सवयीनं माझा हात मोबाइलकडे गेला.

काकूंनी चहाचा कप पुढे ठेवला. "फोटो नका काढू, भाऊ. बसवराज सकाळीच इहिरीवर जाऊन आलाय. सोळा हात हाय. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

"काय लिहिलं, वाचून दाखवा."

"सोळा हात," मी वाचलं.