कचऱ्यातल्या बाटलीची तपासणी

"अबे, त्या काचेच्या बाटलीले हात नको लावू!"

बुलढाण्याच्या जिल्हा स्पर्धेत मी शंभर मीटर जिंकलो होतो. धापही ओसरली नव्हती. तपासणीच्या टेबलावरची बाटली उचलायला गेलो, तर दवाखान्याचा कंपाउंडर खेकसला.

स्टेजवर एक बडे जमीनदार बसले होते. त्यांचा पोरगा दुसरा आलेला. शर्यत संपताच ते तिथूनच गरजले होते, "हे वस्तीतलं पोट्टं आमच्या पोराच्या पुढं? काहीतरी पिऊन पळालं हे. तपासा त्याले!"

न्याय दिसावा म्हणून स्पर्धेला आलेल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी दोघांची लघवी मागवली. त्यांच्या पोराला दवाखान्याची धुतलेली काचेची बाटली. माझ्यासाठी कंपाउंडरनं कचऱ्याच्या टोपलीतून खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली. हातात दिली नाही. फेकली.

मी कसला शहाणा! झेलली. तळाशी लालसर पाणी होतं. वाटलं, तपासणीचंच औषध असेल. सांडू नये म्हणून जपलं! अंगातलं सगळं पाणी घामात गेलेलं, लघवी येईना. तांब्याभर पाणी ढोसून भिंतीआड उभा राहिलो. मग सत्काराच्या नारळासारखी ती बाटली दोन्ही हातांनी नेऊन डॉक्टरांसमोर ठेवली.

डॉक्टरांनी वास घेतला. "यात स्पिरिट आहे."

पहिला नंबर जमीनदारांच्या घरी गेला. आमचे ड्रिल मास्तर कागद घेऊन आले. "लिही, चुकून घेतलं, माफ करा. मी हातपाय जोडतो, अमरावतीच्या विभागीय स्पर्धेले तरी नेतो तुले."

अमरावती! मी लिहायला बसलो. अक्षरही वळणदार काढलं, गाढवानं.

लिहिता लिहिता टेबलावर दोन्ही बाटल्या शेजारी दिसल्या. कंपाउंडरला विचारलं, "भाऊ, मले तशी काऊन नाही देली?"

"ते पुन्हा वापरा लागते बे. बौद्ध झाले म्हणून काय दवाखाना तुमचा झाला?"

स्पिरिट कुठून आलं, ते तेव्हा कळलं: तळाशी उरलेल्या त्या खोकल्याच्या औषधातून.

"मास्तर, मले धुतलेल्या काचेच्या बाटलीत पुन्हा तपासा."

"गप राह्य. अमरावती जाईन हातची."

मी माफीच्या ओळी खोडल्या. खाली लिहिलं: मी काही घेतलेलं नाही. मला कचऱ्यातली बाटली दिली. कोणी दिली आणि का दिली, तेही लिहिलं. सही केली. कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि माझ्याकडे न बघता यादीतलं माझं नाव कापलं.

अमरावतीला जमीनदारांचा पोरगा गेला. मी नाही. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण ज्याला नाव कापायचं त्यानं कापावं. न केलेल्या गुन्ह्याची माफी मी लिहिणार नाही. समोर डॉक्टर असो, जमीनदार असो, नाहीतर माझ्या भल्याचं सांगणारा मास्तर.